रोज एक खण, रोज पाव तास

माझ्या आईच्या निधनानंतर वर्षभराने आम्ही भावंडांनी आमचे जुने कौलारू घर रिकामे करावयास घेतले. त्या जागी नवे घर बांधावयाचे होते, कंत्राटदाराने तारीख दिली होती आणि पावसाळा तोंडावर आला होता. साठ वर्षांचा संसार आम्ही दोन दिवसांत उपसला. माळ्यावरची घंगाळे, जादा कौलांची थप्पी, विहिरीचे जुने दोर, डालड्याचे रिकामे डबे, मोडक्या खुर्च्या असे सारे काही अंगणात आले आणि तीन टेम्पोंतून भंगारवाल्याकडे गेले. काम वेळेत उरकल्याचे आम्हांस समाधान वाटले. पुढे काही महिन्यांनी शेजारची एक वृद्ध मावशी बोलता बोलता म्हणाली, "फादर, तुम्ही सेमिनरीतून लिहिलेली पत्रं आईनं बिस्किटाच्या डब्यात ठेवली होती. डोळे अधू झाल्यावर ती माझ्याकडून वाचून घ्यायची." तो पत्र्याचा डबा मीच उचलून टेम्पोत टाकला होता. हाताला हलका लागला, म्हणून तो रिकामा समजलो होतो.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी असा एखादा डबा असेल. वसई परिसरात गेल्या काही दशकांत किती जुनी घरे पाडली गेली आणि किती कुटुंबे ऐसपैस घरातून दोन खोल्यांच्या सदनिकेत गेली, हे आपण पाहतोच. अशा वेळी घर घाईने रिकामे करावे लागते. घाईत निरुपयोगी वस्तूंबरोबर मौल्यवान वस्तूही जातात किंवा काहीच न टाकता सारा पसारा नव्या घरात जसाच्या तसा येतो. या दोन्ही गोष्टी टाळण्याचा साधा मार्ग म्हणजे घर दररोज थोडे थोडे आवरणे. घर आवरणे हे मुळात निर्णय घेण्याचे काम आहे, आणि निर्णयांना वेळ द्यावा लागतो.

पसारा साठतो कसा?

आपल्या आईवडिलांच्या पिढीने टंचाई पाहिली होती. रेशनचे धान्य, रॉकेलसाठी रांग, वर्षातून एकदा नवे कापड, असे ते दिवस होते. त्या काळी सुतळीचा तुकडा किंवा रिकामी बाटली जपून ठेवणे हा कंजूषपणा नव्हता, तो शहाणपणा होता. जुन्या लुगड्यांची गोधडी होत असे, फाटक्या धोतराची फडकी होत असत. घरात वस्तू कमी येत आणि जी येई ती पूर्णपणे झिजूनच बाहेर पडे.

पुढे वस्तू स्वस्त झाल्या, सवय मात्र तीच राहिली. लग्न, बाप्तिस्मा, प्रथम ख्रिस्तप्रसाद, लग्नाचा रौप्यमहोत्सव अशा प्रत्येक प्रसंगी आहेर येतो. स्टीलचे डबे, भिंतीवरची घड्याळे, काचेचे पेले, चादरी हे सारे कपाटावर चढते. आखातातून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगांतून आणखी वस्तू येतात. दारावर येणारी बोहारीण जुने कपडे घेऊन जाई खरी, परंतु त्या बदल्यात एक पातेले देऊन जाई. त्यामुळे कपडे कमी झाले तरी भांडी वाढतच गेली! घरात वस्तू येण्याचे दार रुंद झाले आणि बाहेर जाण्याचे दार अरुंदच राहिले.

याला मनाचीही एक बाजू आहे. डॅनियल काहनेमान, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या तीन संशोधकांनी १९९०मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग भेट देण्यात आले आणि ते किती किमतीला विकाल, असे विचारण्यात आले. ज्यांना मग मिळाले नव्हते त्यांना, तो किती किमतीला विकत घ्याल, असे विचारले. मग मिळून थोडाच वेळ झाला होता, तरीही मालकांनी मागितलेली किंमत इतरांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीहून अधिक निघाली. वस्तू एकदा आपली झाली की मनात तिचे मोल वाढते. क्षणभर हाती आलेल्या मगाची ही कथा, तर चाळीस वर्षे कपाटात असलेल्या वस्तूविषयी काय सांगावे! म्हणून वस्तू हातावेगळी करताना होणारा त्रास हा कुणाचा स्वभावदोष समजू नये. तो मनुष्यस्वभाव आहे.

पसाऱ्याची किंमत

पसारा फुकट राहत नाही, तो भाडे घेतो. अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे नोकरदार जोडप्यांचा अभ्यास करण्यात आला व त्याचे निष्कर्ष २०१०मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रियांनी आपल्या घराचे वर्णन करताना पसारा आणि अर्धवट राहिलेली कामे यांचा उल्लेख अधिक केला, त्यांच्या शरीरातील कॉर्टिसोल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण दिवस सरताना जसे उतरावयास हवे तसे उतरत नव्हते. पतींच्या बाबतीत हा संबंध तसा आढळला नाही. याचे एक कारण आपणही ओळखू शकतो. घरात एखादी वस्तू सापडेनाशी झाली की सारे कुणाला हाक मारतात? पसारा साऱ्या घराचा असतो, त्याचा भार बहुधा एकटी गृहिणी वाहते.

दुसरी किंमत आरोग्याची आहे. परसात किंवा गच्चीवर पडलेले टायर, फुटकी बादली, रंगाचा रिकामा डबा यांत पावसाचे पाणी साचते. डेंग्यू पसरविणारा एडिस डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास अनुकूल हवेत साधारण आठ ते दहा दिवस पुरतात, आणि भांड्याच्या आतील बाजूस चिकटलेली अंडी कोरडी राहूनही काही महिने तग धरतात. म्हणून परसाचे काम पहिल्या पावसापूर्वीच व्हावयास हवे. घरात वृद्ध असतील, तर वाटेतली खोकी, पायपुसण्यांचे थर आणि जिन्यावर ठेवलेल्या वस्तू त्यांच्या पडण्याला निमंत्रण देतात, हेही ध्यानी असावे.

रोज थोडेच का?

जपानच्या मारी कोंडो यांचे घर आवरण्याविषयीचे पुस्तक २०१४मध्ये इंग्रजीत आले आणि जगभर वाचले गेले. त्यांचा सल्ला असा की, घर एकदाच, ठरवून, संपूर्ण आवरावे आणि प्रथम कपडे, मग पुस्तके, मग कागद, मग किरकोळ वस्तू व अखेरीस आठवणींच्या वस्तू असा क्रम ठेवावा. क्रम उत्तम आहे. परंतु एकदम आवरण्याचा सल्ला बहुतेक आपल्या घरांना मानवत नाही. आपल्या घरी तीन पिढ्या नांदतात. माळ्यावरची पेटी आजीची, तिच्यावरची सुटकेस थोरल्या काकांची आणि त्यावर ठेवलेली क्रिकेटची बॅट नातवाची. सर्वांचे मत एका रविवारी जुळावयाचे नाही, आणि बळेच जुळविले तर घर स्वच्छ होईल, पण मने बिघडतील.

रोज पाव तासाचे काम मात्र कोणत्याही घराला जमते. पाव तासात एक खण होतो, एक फळी होते. मन थकण्यापूर्वी काम संपते. थकलेले मन एकतर सारे ठेवते किंवा सारे फेकते. दिवसाला केवळ तीन वस्तू बाजूला काढल्या तरी वर्षाला हजाराहून अधिक होतात. मुख्य म्हणजे, आज न सुटलेल्या वस्तूविषयी उद्या विचारावयास घरची माणसे जवळ असतात. माझ्या हाती तो डबा आला, तेव्हा विचारावयास आई नव्हती.

आरंभ कसा करावा?

वेळ ठरलेली असावी. सायंकाळची जपमाळ झाल्यावर किंवा सकाळच्या चहानंतर, जी वेळ घराला सोयीची तीच रोज ठेवावी. घड्याळ लावावे आणि पाव तास संपताच थांबावे. उत्साहाच्या भरात संपूर्ण कपाट पलंगावर उपसणे हा पहिल्या आठवड्यातील नेहमीचा अपघात होय. मग रात्री झोपावयास जागा नसते आणि दुसऱ्या दिवशी उत्साहही नसतो.

सोप्या वस्तूंपासून प्रारंभ करावा. औषधांचा डबा प्रथम घ्यावा, कारण मुदत संपलेल्या गोळ्यांविषयी कुणाचे दुमत होत नाही. त्यानंतर स्वयंपाकघरातील झाकणाविना डबे व डब्याविना झाकणे, जुन्या मसाल्यांच्या पुड्या, कान तुटलेले कप घ्यावेत. मग कपडे, मग पुस्तके व कागद. छायाचित्रे, पत्रे, लग्नाचा पोशाख, आजीचे लाल लुगडे यांना सर्वांत शेवटी हात लावावा. तोपर्यंत निर्णय घेण्याची सवय झालेली असते.

प्रत्येक वस्तू हाती घेऊन चारांपैकी एका ठिकाणी ठेवावी : ठेवावयाच्या, द्यावयाच्या, दुरुस्त करावयाच्या आणि टाकावयाच्या. दुरुस्तीच्या वस्तूवर तारीख लिहावी. महिनाभरात ती कारागिराकडे गेली नाही, तर ती दुरुस्त होणार नाही, हे मान्य करावे. ज्या वस्तूविषयी मन द्विधा आहे, ती एका खोक्यात घालून वर सहा महिन्यांपुढची तारीख टाकावी. तोवर तिची आठवणही झाली नाही, तर उत्तर मिळालेच. एक नियम मात्र कधीही मोडू नये : दुसऱ्याची वस्तू त्याला विचारल्याशिवाय टाकू नये. हा नियम मुलांच्या खेळण्यांनाही लागू आहे.

टाकावयाच्या वस्तूंतही भेद आहे. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, बॅटऱ्यांत घातक धातू असतात. त्या नेहमीच्या कचऱ्यात मिसळू नयेत. जुने मोबाईल, संगणक, चार्जर हे नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रांकडे जावेत, अशी व्यवस्था १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत आहे. मोबाईल देण्यापूर्वी त्यातील छायाचित्रे उतरवून घ्यावीत व मग तो पुसून कोरा करावा.

कागदपत्रांविषयी

कागदांच्या बाबतीत घाई सर्वांत महाग पडते. जमिनीचे मूळ खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, जुने हस्तलिखित फेरफार व सातबारा, घरपट्टीच्या पावत्या हे कागद कितीही पिवळे झाले तरी टाकू नयेत. आज सातबारा उतारा संगणकावर मिळतो, तथापि वारसाचा किंवा हद्दीचा प्रश्न उद्भवला की आजोबांच्या काळातील फेरफारच उपयोगी पडतो. उलट, वीजबिलांच्या दहा वर्षांपूर्वीच्या पावत्या, बिघडून गेलेल्या मिक्सरचे हमीपत्र, लग्नपत्रिकांचे गठ्ठे यांना निरोप देण्यास हरकत नाही. नाव, पत्ता व खातेक्रमांक असलेले कागद फाडूनच रद्दीत द्यावेत.

बाप्तिस्म्याच्या दाखल्याच्या अनेक प्रती आपण जपून ठेवतो. मूळ नोंद धर्मग्रामाच्या नोंदवहीत असते. व्यक्तीचे दृढीकरण, विवाह यांचीही नोंद पुढे त्याच पानावर केली जाते. म्हणूनच विवाहाच्या वेळी जुनी प्रत चालत नाही, नव्याने काढलेला दाखला मागितला जातो. घरी एक प्रत पुरेशी आहे. आपला बाप्तिस्मा कोणत्या धर्मग्रामात व कोणत्या दिवशी झाला, एवढे मात्र मुलांना लिहून द्यावे.

ठेवावयाच्या कागदांच्या टाचण्या व रबर काढून टाकावेत, कारण टाचणी गंजते आणि रबर वितळून चिकटते. जुना दस्तऐवज लॅमिनेट करू नये. जुन्या छायाचित्रांमागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने नावे व वर्ष लिहावे. बॉलपेनचा ठसा पुढील बाजूस उमटतो. आपल्या दमट हवेत ही पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये, आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून वाळवी व कसर लागली आहे का ते पाहावे.

पवित्र वस्तूंचे काय करावे?

हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. तुटलेली जपमाळ, रंग उडालेला पुतळा, काच फुटलेली तसबीर, फाटके प्रार्थनापुस्तक या वस्तू टाकवत नाहीत आणि ठेवण्यास जागाही नसते. मग त्या कुणीतरी झाडाखाली किंवा समुद्रकिनारी ठेवून जातो, आणि तेथे त्यांची विटंबना होते. आशीर्वादित वस्तूंना आदराने वागवावे व त्यांचा लौकिक कामासाठी वापर करू नये, एवढे चर्चचा कायदा सांगतो. परंपरेने चालत आलेली रीत अशी की, जळण्याजोगी वस्तू घरी आदराने जाळून तिची राख मातीत मिसळावी. न जळणारी वस्तू पायदळी न येणाऱ्या जागी पुरावी. झावळ्यांच्या रविवारच्या जुन्या झावळ्या राखेच्या बुधवारापूर्वी चर्चमध्ये द्याव्यात, कारण कपाळावर लावण्याची राख त्यांपासूनच तयार केली जाते. जी जपमाळ दुरुस्त होण्याजोगी आहे ती दुरुस्त करून नातवंडास द्यावी. आजीच्या बोटांनी झिजलेले मणी त्याला बरेच काही शिकवतील.

देताना

'गरिबाला देऊन टाकू' असे आपण सहज म्हणतो. या वाक्यातील 'टाकू' हा शब्द तपासून पाहावा. २००४च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून जुन्या कपड्यांचे ढीग आले. त्यांतील पुष्कळ कपडे तेथील लोकांच्या वापराचे नव्हते आणि ते रस्त्याकडेला पडून राहिले. अंशू गुप्ता यांच्या 'गूंज' या संस्थेने त्या कपड्यांची निवड व वर्गवारी करून त्यांना उपयोगात आणण्याचे काम केले. गुप्ता यांना २०१५मध्ये मॅगसेसे पुरस्कार लाभला. त्यांच्या कामाचा धडा असा की, दान हे देणाऱ्याच्या अडगळीवरून न ठरता घेणाऱ्याच्या गरजेवरून ठरावे. कपडा धुऊन, बटण लावून, घडी घालून द्यावा. जो आपण आपल्या भावंडाला देणार नाही, तो दुसऱ्यासही देऊ नये. त्याचे फडके करावे. आणि एकदा दिल्यावर ती वस्तू कुठे गेली, याची चौकशी करीत बसू नये.

वडीलधाऱ्यांच्या वस्तू

घर आवरताना सर्वाधिक वाद होतात ते वडीलधाऱ्यांच्या वस्तूंवरून. सून म्हणते अडगळ, सासू म्हणते संसार. आणि दोघींचेही खरे असते. अशा वेळी 'हे टाकू का?' असे विचारू नये, 'हे कुठून आले?' असे विचारावे. पितळेच्या हंड्यावर कोरलेले नाव कुणाचे, हे जाते कुणाच्या माहेरचे, हे एकदा सांगून झाले की म्हातारे माणूस पुष्कळदा स्वतःच म्हणते, "आता दे कुणाला तरी." त्याला हंडा सोडावयाचा असतो, हंड्याची गोष्ट कुणीतरी ठेवून घ्यावी अशी त्याची इच्छा असते. ती गोष्ट वहीत दोन ओळींत लिहून ठेवावी.

स्वीडनमध्ये वृद्ध माणसे आपल्या हयातीतच आपल्या वस्तूंची निरवानिरव करतात, आणि त्या कामाला त्यांच्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे. मार्गारेटा मॅग्नुसन यांनी २०१७मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. मागे राहणाऱ्यांवर आपल्या पसाऱ्याचे ओझे पडू नये, हा त्यामागील विचार. आपल्याकडील अनेक आज्या हे पुस्तक न वाचताच ते करीत आल्या आहेत. पाटल्या कुणाला, लुगडे कुणाला, हे त्या आधीच सांगून ठेवीत.

येथे एक सावधगिरी हवी. एखादी व्यक्ती वर्तमानपत्रे, पिशव्या, मोडक्या वस्तू इतक्या साठवते की झोपण्याची व स्वयंपाकाची जागाही उरत नाही, आणि एकही वस्तू हलविली की तिला असह्य यातना होतात. हा हट्ट किंवा आळस नसून आजार असू शकतो. मानसिक विकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात २०१३पासून त्याची स्वतंत्र विकार म्हणून नोंद आहे. अशा व्यक्तीचे घर तिच्या पाठीमागे रिकामे केल्याने ती बरी होत नाही, तिचा आपल्यावरील विश्वास मात्र जातो. मानसोपचारतज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे.

आम्हा धर्मगुरूंची काही वर्षांनी बदली होते आणि खोली रिकामी करावी लागते. पहिल्या बदलीच्या वेळी माझे सामान दोन बॅगांत मावले होते. मागील बदलीला टेम्पो लागला. तेव्हापासून मीही रोज एक खण उघडतो. परवा त्यात आईची चष्म्याची डबी सापडली. ती ठेवावी की द्यावी, याचा निर्णय झालेला नाही. तारीख घातलेल्या खोक्यात ती तूर्त ठेवली आहे. आपणही आज सायंकाळी पाव तास काढा आणि एक खण उघडा. हलका लागला तरी प्रत्येक डबा उघडून पाहा. आणि शक्य असेल तर ज्यांनी तो भरला, त्यांना शेजारी बसवून उघडा.